परका डीएनए टीआरएनएच्या जनुकातच का शिरतो, आणि त्याच्या हद्दी कशा ओळखायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: ई. कोलाय या जिवाणूच्या रोगकारक वाणांचे जीनोम (संपूर्ण डीएनए) पाहताना मोठमोठे परके तुकडे पुन्हा पुन्हा टीआरएनएच्या जनुकांना लागून दिसतात. हा योगायोग आहे का? टीआरएनए (प्रथिने बनताना अमिनो आम्ले आणून देणारा छोटा आरएनए) तर पेशीला अत्यावश्यक, मग ते जनुक मोडत कसे नाही? आणि अशा तुकड्याची सुरुवात आणि शेवट नेमका कुठे, हे कसे ठरवायचे?

योगायोग मुळीच नाही. परका डीएनए टीआरएनएच्या जनुकाच्या शेजारी बसलेला दिसतो खरा, पण शिरताना तो शेजारी शिरत नाही, जनुकाच्या आत शिरतो. आत शिरूनही जनुक शाबूत राहते, कारण येणारा तुकडा त्या जनुकाची शेपटी स्वतःबरोबर घेऊन आलेला असतो. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच निघतात. म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

मुळात समाकलन कसे होते ते आधी पाहू. १९६२ साली अ‍ॅलन कॅम्पबेल यांनी लॅम्डा फेजसाठी (फेज म्हणजे जिवाणूंना लागण करणारा विषाणू) एक कल्पना मांडली: फेजचा डीएनए आधी गोल होतो, मग त्या गोलावरची एक जागा आणि जिवाणूच्या गुणसूत्रावरची एक जागा यांच्यात एकच अदलाबदल होते आणि अख्खा गोल सरळ होऊन गुणसूत्रात सामावला जातो. पुढे ही कल्पना बरोबर ठरली. फेजवरच्या जागेला अ‍ॅटपी म्हणतात, गुणसूत्रावरच्या जागेला अ‍ॅटबी. समाकलनानंतर तुकड्याच्या दोन टोकांना अ‍ॅटएल आणि अ‍ॅटआर अशा दोन संकरित जागा तयार होतात. अ‍ॅटपी आणि अ‍ॅटबी यांच्यात समान असलेला भाग या दोन्ही टोकांना, एकाच दिशेने, दोनदा दिसतो.

हे काम करणारे विकर म्हणजे इंटिग्रेज. टीआरएनएच्या जनुकांत शिरणारे बहुतेक घटक टायरोसिन रिकॉम्बिनेज कुळातले इंटिग्रेज वापरतात. त्याचे चार रेणू दोन्ही डीएनए एकत्र धरतात. प्रत्येक डीएनएचा आधी एकच धागा कापला जातो, कापलेले ३-प्राइम टोक (धाग्याच्या शेवटाकडचे; सुरुवातीचे ते ५-प्राइम) विकराच्या टायरोसिनला तात्पुरते बांधले जाते, धाग्यांची अदलाबदल होते आणि मधल्या अवस्थेत चार भुजांचा हॉलिडे सांधा तयार होतो. मग काही अक्षरे (डीएनएतली ए, टी, जी, सी) पुढे दुसरा धागा कापला जाऊन तीच अदलाबदल पुरी होते. पहिला आणि दुसरा काप यांच्यातले अंतर लॅम्डाच्या बाबतीत ७ अक्षरांचे आहे. या ७ अक्षरांत एका डीएनएचा धागा दुसऱ्याच्या धाग्याशी जोडी जमवतो, म्हणून इथे दोन्हीकडचा मजकूर तंतोतंत जुळावा लागतो. या सगळ्याला एटीपी लागत नाही, नवा डीएनएही तयार करावा लागत नाही. त्यामुळे वाटेत एक अक्षरसुद्धा गळत नाही की वाढत नाही.

आता खरी गंमत. विकराला काटेकोर जुळणी लागते ती जेमतेम ७ अक्षरांची. मग टीआरएनएच्या जनुकात शिरणाऱ्या घटकांत समान भाग इतका लांब का? लॅम्डा टीआरएनएच्या जनुकात शिरत नाही, तो गॅल आणि बायो या जनुकसमूहांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतो. त्याचा समान गाभा १५ अक्षरांचा आहे. याउलट मायकोबॅक्टेरियमच्या एल-५ फेजचा गाभा ४३ अक्षरांचा आहे, साल्मोनेलाच्या पी-२२ फेजचा ४६ अक्षरांचा.

एल-५चे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसमध्ये हा फेज ग्लायसिनच्या टीआरएनएच्या जनुकात शिरतो. अदलाबदल नेमकी कुठे होते हे प्रयोगाने ठरवले गेले तेव्हा दिसले की ती ४३ अक्षरांच्या गाभ्याच्या मध्यावर होत नाही. ती एका टोकाशी होते, आणि ती ७ अक्षरे म्हणजे बरोबर टीआरएनएचे अँटिकोडॉन वळण, म्हणजे संदेश वाचणारी तीन अक्षरे ज्यात असतात तो भाग. टीआरएनएच्या प्रचलित क्रमांकनात हे वळण ३२ ते ३८ क्रमांकांवर असते आणि शेवटचे सीसीए धरून रेणू ७६वर संपतो. म्हणजे वळणापासून जनुकाच्या टोकापर्यंत चाळीस ते पंचेचाळीस अक्षरे. एल-५च्या गाभ्याची लांबी याच घरातली आहे. अदलाबदलीला ७ अक्षरे पुरतात. उरलेली छत्तीस अक्षरे विकराच्या कामाची नाहीत, ती जनुकाच्या कामाची आहेत. फेज शिरला की जनुकाचा पुढचा अर्धा भाग यजमानाचा राहतो आणि मागचा अर्धा फेजकडून येतो. मजकूर अक्षरशः तोच असल्यामुळे तयार होणारा टीआरएनएही तोच. यजमानाची मूळ शेपटी कुठे गेली? ती ढकलली जाऊन तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला पडते. उसवलेल्या बाहीच्या जागी त्याच मापाची, त्याच कापडाची दुसरी बाही शिवावी आणि जुनी बाही दूर कुठेतरी लोंबत राहावी, तसे हे आहे. लोंबती बाही टीआरएनए देत नाही, कारण तिला ना प्रवर्तक (जनुक वाचायला सुरुवात करून देणारा भाग) आहे, ना जनुकाचा पुढचा अर्धा भाग.

माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. लांब समान गाभा नैसर्गिक निवडीने टिकवलेला आहे, कारण शेपटीत एखादे अक्षर बिघडलेला घटक ज्या पेशीत शिरेल तिचाच टीआरएनए बिघडवेल आणि तिच्याबरोबर स्वतःही मागे पडेल.

शिरण्याच्या जागा मात्र वाटेल तिथे नसतात. केली विल्यम्स यांनी २००२ मध्ये अशा अनेक जागांची तुलना केली तेव्हा जनुकात तीनच ठिकाणे पुढे आली: अँटिकोडॉन वळण, टी-वळण आणि जनुकाचे ३-प्राइम टोक. पहिल्या दोन ठिकाणी एक खास रचना आहे. वळणात ७ अक्षरे, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांशी जोडी जमवणारे ५-५ अक्षरांचे दांडे. आरएनएमध्ये हा दांडा घडी घालण्यासाठी असतो, पण डीएनएच्या पातळीवर पाहिले तर ७ अक्षरांच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट जुळणाऱ्या भुजा असा तो मजकूर होतो. टायरोसिन इंटिग्रेजला नेमकी अशीच सममित जागा हवी असते, कारण त्याचा एकेक रेणू दोन्ही भुजांवर समोरासमोर बसतो. टी-वळणाची नेहमीची अक्षरे पाहा: टी-टी-सी-जी-ए-ए-टी. यातली पहिली सहा तर स्वतःच उलटसुलट सारखी वाचता येतात. तिसरे ठिकाण, म्हणजे ३-प्राइम टोक, सममित नाही, आणि तिथे शिरणारी इंटिग्रेजची कुळेही वेगळी आहेत. एक कुळ सममित ठिकाणे वापरते, दुसरे फक्त टोक वापरते. मात्र एकाच कुळातले सदस्य निरनिराळ्या अमिनो आम्लांच्या टीआरएनएत शिरताना दिसतात. ई. कोलायचा पी-४ हा फेज टोकाशी शिरणाऱ्यांपैकी. त्याला शेपटी फार लांब आणावी लागत नाही, आणि लीयूएक्स या टीआरएनएच्या जनुकाशी त्याचा समान भाग २० अक्षरांचाच आहे. अदलाबदल जितकी टोकाजवळ, तितकी सोबत आणायची शेपटी आखूड. हिशेब सरळ जुळतो.

मग टीआरएनएच का? १९८९ मध्ये रायटर, पाम आणि यीट्स यांनी टीआरएनएची जनुके अशा घटकांची आवडती जागा असल्याचे ठळकपणे दाखवून दिले, तेव्हापासून कारणांची चर्चा चालू आहे. पाठ्यपुस्तकांत हमखास सापडणारे कारण असे: टीआरएनएच्या जनुकांच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे एखादी बिघडली तरी चालते. ई. कोलाय के-१२ मध्ये अशी ८६ जनुके आहेत, त्यातली बरीच एकमेकांच्या प्रती आहेत, म्हणून हे पटते. पण मला हे कारण कच्चे वाटते. सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या जागांपैकी एक म्हणजे सेलसी, सेलेनोसिस्टीनच्या टीआरएनएचे जनुक, आणि त्याची पेशीत एकच प्रत असते. दुसरी लाडकी जागा एसएसआरए, म्हणजे टीएमआरएनएचे (अडकलेले रायबोसोम सोडवणाऱ्या, टीआरएनएसारख्या आरएनएचे) जनुक, तीही एकच. जनुक मोडतच नसेल तर सुट्या प्रतींची गरजही उरत नाही.

मला पटणारे कारण दोन गोष्टींच्या जोडीतून येते. एक, टीआरएनएचा मजकूर दूरदूरच्या जातींतही फारसा बदलत नाही. एका जातीतून दुसऱ्या जातीत जाणाऱ्या घटकाला नव्या पेशीत ओळखीची जागा मिळण्याची खात्री असते. प्रथिनाच्या एखाद्या सामान्य जनुकावर अवलंबून राहिला असता तर दोन-तीन जाती ओलांडताच ती जागा ओळखू आली नसती. दोन, वर सांगितलेली सममित रचना इंटिग्रेजला आयतीच मिळते. एकाच कुळातले इंटिग्रेज एका टीआरएनएवरून दुसऱ्यावर सहज सरकू शकतात, कारण सगळ्या टीआरएनएचा आराखडा एकच. जीनोममध्ये अशा ८६ सारख्या घडणीच्या जागा असणे हा नव्या जागा कमावण्यासाठी मोठाच फायदा आहे. अनेक प्रतींचा उपयोग असलाच तर तो इथे आहे.

सेलसीचे उदाहरण इतके नमुनेदार आहे की ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अतिसार घडवणाऱ्या ई. कोलायमधले एलईई हे रोगकारक बेट (रोग घडवणारी जनुके असलेला मोठा परका तुकडा) याच जनुकापाशी आहे. ते सुमारे ३५ हजार अक्षरांचे आहे आणि त्यात जी-सीचे (जी आणि सी या अक्षरांचे मिळून) प्रमाण ३८ टक्के आहे, तर ई. कोलायच्या जीनोमची सरासरी ५१च्या आसपास. मूत्रमार्गाच्या संसर्गातल्या ५३६ या वाणाचे पहिले रोगकारक बेटही सेलसीपाशी, शिगेला फ्लेक्सनेरीचे एसएचआय-२ सेलसीपाशी, साल्मोनेलाचे एसपीआय-३ सेलसीपाशी, आणि फाय-आर-७३ नावाचा फेजही तिथेच. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या जातींत, वेगवेगळे सामान घेऊन आलेले हे पाहुणे एकाच दाराने आत आले. कॉलराच्या जिवाणूत व्हीपीआय-१ हे बेट एसएसआरएपाशी आहे.

हे फक्त रोगजंतूंपुरते नाही. मेझोरायझोबियम लोटीच्या आर-७-ए वाणात नत्र स्थिर करण्याची आणि मुळांवर गाठी धरण्याची जनुके सुमारे ५ लाख अक्षरांच्या एका बेटावर आहेत. न्यूझीलंडमध्ये एका शेतात लोटस या चाऱ्याच्या पिकाबरोबर असा वाण सोडला गेला. काही वर्षांनी तिथल्या गाठींत स्थानिक मातीतले वेगळेच जिवाणू सापडले, पण त्यांच्यात हे बेट शिरलेले होते, आणि तेही फेनिलअ‍ॅलॅनिनच्या टीआरएनएच्या जनुकात. बेट शिरल्यावर त्या जनुकाच्या टोकाची १७ अक्षरे पुन्हा जशीच्या तशी उभी राहतात. परक्या डीएनएचे असे स्थलांतर उघड्या शेतात, जवळजवळ डोळ्यांदेखत घडताना दिसले, याचे मोल मला फार वाटते. जिवाणूंहून वेगळ्या आर्किया या सूक्ष्मजीवांतही हेच आढळते: सल्फोलोबसचा एसएसव्ही-१ विषाणू आर्जिनिनच्या टीआरएनएत शिरतो. त्याची अ‍ॅटपी जागा इंटिग्रेजच्या जनुकाच्या पोटातच असल्याने शिरताना ते जनुक दुभंगते आणि त्याचे दोन तुकडे दोन टोकांना जातात.

शिरताना जनुक शाबूत राहते, पण बाहेर पडताना नेहमीच राहील असे नाही. ५३६ वाणाची दोन बेटे सेलसी आणि लीयूएक्स या जनुकांपाशी आहेत. त्यांच्या टोकांना अनुक्रमे १६ आणि १८ अक्षरांची पुनरावृत्ती आहे. ही बेटे गळून पडलेल्या पेशींत टीआरएनएची दोन्ही जनुकेही तुटलेली आढळली. त्यामुळे बेट गेल्यावर बदललेला प्रत्येक गुणधर्म बेटावरच्या जनुकांच्या खात्यावर टाकता येत नाही. काही बदल गमावलेल्या टीआरएनएचे असतात. ई. कोलाय के-१२ मधला सीपी-४-५७ हा निद्रिस्त प्रोफेज (गुणसूत्रात सामावून राहिलेला फेज) एसएसआरएच्या टोकाला बसलेला आहे. १९९४ मध्ये दाखवले गेले की एएलपीए या नियंत्रकाचे प्रमाण वाढवले की हा प्रोफेज बाहेर पडतो आणि एसएसआरए निकामी होते. म्हणजे इथे जनुकाची चालती शेपटी आज प्रोफेजकडे आहे. बेट काढून टाकण्याचे प्रयोग करणाऱ्यांनी टीआरएनएचा मजकूर आधी आणि नंतर वाचून पाहावा, हे मी आग्रहाने सांगतो.

आता हद्दी शोधण्याचे. टीआरएनएचे पूर्ण जनुक ही एक हद्द झाली, आणि ती प्रत्येक अनोटेशनमध्ये (जीनोममधल्या जनुकांच्या नोंदीत) सापडते. इंटिग्रेजचे जनुक बहुधा याच टोकाला, टीआरएनएच्या अगदी मागोमाग असते. अवघड असते ते दुसरे टोक. तिथे फक्त शेपटी आहे, आणि टीआरएनएस्कॅन किंवा अरागॉर्नसारखी साधने पूर्ण क्लोव्हरलीफ घडी शोधतात, त्यामुळे शेपटी त्यांना दिसत नाही. ती हाताने शोधावी लागते. टीआरएनएच्या जनुकाचा अँटिकोडॉन वळणापासूनचा भाग आणि त्यापुढची वीसेक अक्षरे घ्या, आणि तोच मजकूर त्याच दिशेने पुढच्या २ लाख अक्षरांत शोधा. ब्लास्ट (मजकुराची जुळणी शोधणारे साधन) वापरत असाल तर शब्दाची लांबी कमी करा आणि मजकूर छोटा असताना वापरायची सेटिंग लावा. नेहमीच्या सेटिंगमध्ये १७-१८ अक्षरांची जुळणी हातातून निसटते. उलट्या दिशेची जुळणी मिळाली तर ती या बेटाची हद्द नव्हे, मग ती कितीही लांब असो.

मग जवळच्या नात्यातला असा वाण शोधा ज्यात ती जागा रिकामी आहे. रिकाम्या जागेत टीआरएनएच्या पुढे जे यजमानाचे जनुक येते, तेच तुमच्या जीनोममध्ये शेपटीच्या पलीकडे यायला हवे. ही तुलना मी सर्वांत भरवशाची मानतो. जी-सीच्या प्रमाणावर एकट्यावर विसंबू नका: जुनी बेटे हळूहळू यजमानाच्या प्रमाणाला सरावतात, आणि नात्यातल्या जातीकडून आलेला तुकडा पहिल्यापासूनच तसा असतो.

काही अडचणी ठरलेल्या आहेत. समाकलनानंतर टीआरएनएचे जनुक पुन्हा पूर्ण झालेले असल्याने त्याच जागी दुसरा घटकही शिरू शकतो. नवा घटक टीआरएनएच्या लगत बसतो आणि जुना पुढे ढकलला जातो. मग शेपट्या दोन किंवा तीन सापडतात, आणि सर्वांत दूरची शेपटी पकडून सगळे एकच बेट समजणे ही नेहमी घडणारी चूक आहे. दोन शेपट्यांच्या मध्ये दुसरा इंटिग्रेज दिसला तर बेटे दोन आहेत असे समजून पुढे चला. उलट प्रकारही होतो: ई. कोलायमध्ये फीयू आणि फीव्ही ही फेनिलअ‍ॅलॅनिनच्या टीआरएनएची दोन जनुके सारखीच आहेत, तर यर्सिनिया स्यूडोट्यूबर्क्युलोसिसचे एचपीआय बेट अ‍ॅस्परॅजिनच्या तिन्ही टीआरएनएपैकी कुठेही बसू शकते. म्हणून दोन वाणांत बेटाची जागा वेगळी दिसली एवढ्यावरून ते दोनदा, वेगवेगळे आले असे म्हणता येत नाही.

छोट्या रीड्सवर (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांवर) जुळवलेल्या जीनोममध्ये बेट पुष्कळदा पुनरावृत्तीपाशी तुटते आणि त्याची दोन टोके दोन वेगळ्या कॉन्टिगवर (रीड्स जोडून झालेल्या सलग तुकड्यांवर) जातात. एका कॉन्टिगचा शेवट टीआरएनए आणि इंटिग्रेज यांवर होत असेल तर शेपटी दुसऱ्या कॉन्टिगच्या कडेला शोधा. लांब रीड्स उपलब्ध असतील तर या भानगडीत पडूच नका, त्यांनी पुन्हा जुळवा.

आणि प्रत्येक परक्या तुकड्यामागे टीआरएनए शोधत बसू नका. लॅम्डाचे वर सांगितलेच. एसएक्सटी हा संयुग्मी घटक (पेशी-पेशींच्या थेट संपर्कातून पसरणारा) पीआरएफसी या प्रथिनाच्या जनुकाच्या ५-प्राइम टोकाला शिरतो. टीएन-७ हा ट्रान्सपोझॉन जीएलएमएस जनुकाचा शेवट ओळखतो, पण शिरतो त्याच्या जरा पुढे, जनुकाला धक्का न लावता. म्यू फेज जवळजवळ कुठेही शिरतो. सेरीन इंटिग्रेज वापरणाऱ्यांचे तंत्रच निराळे आहे: ते दोन्ही धागे एकदम कापतात आणि त्यांचा जुळणीचा गाभा दोनच अक्षरांचा असतो.

हद्दी ठरल्या की बेट अजून जिवंत आहे का हे पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) तपासता येते. बेटाच्या दोन्ही टोकांच्या आत, बाहेरच्या दिशेने तोंड केलेले दोन प्राइमर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते ते छोटे डीएनए तुकडे) घ्या. बेट गुणसूत्रात असताना ते एकमेकांकडे पाठ करून असतात, त्यामुळे उत्पादन येत नाही. बेट सुटून गोल झाले तरच अ‍ॅटपीवरून उत्पादन येते. दुसऱ्या नळीत बेटाच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंचे प्राइमर घेतले की रिकामी झालेली अ‍ॅटबी जागा दिसते. बेट सुटण्याचे प्रमाण बहुधा फार कमी असते, म्हणून पहिल्या फेरीत काही दिसले नाही तर आतल्या बाजूच्या प्राइमरनी दुसरी फेरी करा. मिळालेली दोन्ही उत्पादने सीक्वेन्स करून घ्या: अ‍ॅटबीच्या मजकुरात टीआरएनएचे जनुक शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण आहे का, आणि अ‍ॅटपीमध्ये त्याची शेपटी जशीच्या तशी आहे का, हे तिथेच कळते.